श्वासाची बांधाबांध

२१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये पारा ३५ अंशांच्या आसपास चढला होता. दक्षिण गोलार्धातला वसंत सरत आलेला आणि शहराबाहेरच्या विस्तीर्ण कुरणांत रायग्रास हे गवत ऐन फुलोऱ्यात. संध्याकाळी वारा फिरला, ढग गडगडले आणि बघता बघता हवा गार झाली. दिवसभराच्या काहिलीनंतर कोणीही खिडक्या सताड उघडाव्यात, असा तो गारवा. पुढच्या तीस तासांत मेलबर्न आणि जवळच्या जिलाँगमधल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत श्वसनाच्या तक्रारी घेऊन आलेल्यांची संख्या एरवीपेक्षा ३,३६५ने जास्त होती. रुग्णवाहिका पुरेनात. दहा माणसे दगावली.

कारण होते गवताचे पराग. अख्खा परागकण नाकातच अडकतो. शिंका येतात, डोळे चुरचुरतात, बहुतेकांचे तेवढ्यावर भागते. वादळाने मात्र हे कण वर उचलले, ओलाव्याने ते फुगून फुटले आणि त्यांच्यातला अतिसूक्ष्म भुगा थंड वाऱ्याबरोबर खाली आला. तो नाकात न अडकता थेट छातीत उतरतो. त्या रात्री श्वास लागलेल्या अनेकांना आपल्याला दमा असल्याचे ठाऊकच नव्हते. दर वसंतात नाक गळते, एवढीच त्यांची तक्रार. नंतरच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट ठळकपणे पुढे आली : भारतीय आणि इतर आशियाई वंशाच्या रुग्णांचे प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याच्या मानाने बरेच जास्त होते.

नव्या मुलखात गेलेल्या माणसाच्या शरीराची तिथल्या परागांशी ओळख नसते. पहिले एक-दोन वसंत सुखाचे जातात, मग हळूहळू ॲलर्जी डोके वर काढते. परदेशातला मुक्काम जसा वाढतो तसे स्थलांतरितांमधले ॲलर्जीचे प्रमाणही वाढते, हे अनेक देशांत दिसले आहे. त्यामुळे 'तिकडे हवा स्वच्छ, दमा आपोआप जाईल' हा घरोघरी दिला जाणारा दिलासा निम्माच खरा आहे. धूळ आणि धूर कमी होतो, हे खरे. पण दमेकऱ्याचा श्वास एकट्या हवेवर चालत नसतो. ओळखीचे डॉक्टर, कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान, रात्री खोकल्याचा आवाज ऐकून उठणारे घरातले माणूस अशी एक अख्खी व्यवस्था त्यामागे उभी असते. विमानात बसताना ती व्यवस्था मागे राहते. ती नव्या जागी कशी उभारायची, याचा विचार सामान बांधण्याआधी व्हायला हवा.

इथे कसे भागते

'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार २०१६मध्ये भारतात दम्याचे सुमारे पावणेचार कोटी आणि सीओपीडीचे (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे) साडेपाच कोटी रुग्ण होते. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के. श्वसनाच्या जुनाट आजारांमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्यात मात्र ३२ टक्के.

यांतले बहुसंख्य लोक कसे दिवस काढतात, हे मी स्वतः लहानपणापासूनचा दमेकरी असल्याने जवळून पाहिले आहे. दम लागला की औषधाच्या दुकानात जायचे आणि 'तो निळा पंप द्या' म्हणायचे. चिठ्ठी कोणी मागत नाही. त्रास वाढला तर डॉक्टरांना फोन. ते चार दिवसांच्या गोळ्या सांगतात. पंप एकदा लागला की सुटत नाही, या भीतीने रोजचे औषध बंद पडते. लग्नाच्या मुलीचा पंप पर्सच्या तळाशी जातो. केसपेपरवर औषधांची नावे असतात, निदान नसते. असलेच तर 'ॲलर्जिक ब्राँकायटिस' असे सौम्य करून लिहिलेले.

निळा पंप म्हणजे सालब्युटामॉल. आवळलेल्या श्वासनलिका तो मिनिटांत मोकळ्या करतो, पण त्यांच्या आतली सूज तशीच राहते. ती उतरवते श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड, आणि दम्याचे मूळ औषध ते आहे. दम्यावरच्या उपचारांना दिशा देणाऱ्या 'जिना' या जागतिक संस्थेने २०१९मध्ये स्पष्टच सांगितले, की नुसत्या सालब्युटामॉलवर कोणालाही ठेवू नये. सौम्य दमा असला तरी आराम देणाऱ्या औषधासोबत स्टेरॉइड पोटात नव्हे, तर फुप्फुसात गेलेच पाहिजे. अचानक येणाऱ्या जीवघेण्या झटक्याचा धोका त्यामुळेच कमी होतो.

नुसत्या निळ्या पंपावर वर्षे काढलेला माणूस परदेशी जातो तेव्हा इतके दिवस झाकलेला आजार उघडा पडतो. कारण तिथे तो पंप मागितल्याबरोबर मिळेलच असे नाही.

जाण्याआधीचे दोन महिने

पहिली गोष्ट, छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्पायरोमेट्री करून घेणे. नाकाला चिमटा, दातांत पुठ्ठ्याची नळी, समोर यंत्राचा पडदा. तंत्रज्ञ मुलगी म्हणते, "खोल श्वास घ्या, अजून, अजून, आता जोरात फुंका!" आणि मग तिचा आवाज चढत जातो : "फुंका, फुंका, फुंका, सोडू नका, अजून थोडं, अजून थोडं…" डोळ्यांत पाणी येते, मान ताठरते आणि पडद्यावरची रेघ आडवी होईपर्यंत ती थांबू देत नाही. असे किमान तीनदा. मग सालब्युटामॉल देऊन पंधरा मिनिटे बाकावर बसवतात आणि पुन्हा तेच. औषधाने फुंकलेल्या हवेचा आकडा १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढला, तर श्वासनलिका मोकळ्या होऊ शकतात हे सिद्ध होते. हाती पडणारा हा आलेख कोणत्याही देशातल्या डॉक्टरला भाषांतराशिवाय वाचता येतो.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांचे इंग्रजी पत्र. त्यात निदान स्पष्ट शब्दांत हवे, सौम्य केलेले नको. औषधांची व्यापारी नावे नकोत, मूळ नावे हवीत. फोराकॉर्ट म्हटले तर परदेशातल्या फार्मासिस्टला बोध होईलच असे नाही. बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल म्हटले की तो लगेच ओळखतो. आपले सालब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होते. साधनेही बदलतात. इथल्या रोटाकॅप, म्हणजे श्वासावाटे ओढायच्या पावडरीच्या कॅप्सूल, तिथे बहुधा मिळणार नाहीत. फवारा सावकाश, खोल ओढायचा असतो आणि कोरडी पावडर झटक्यात, जोर लावून. साधन बदलून पद्धत तीच ठेवली तर औषध घशातच बसते. म्हणून तिथे मिळणाऱ्या साधनावर इथेच, डॉक्टरांच्या नजरेखाली हात बसवून घ्यावा.

तिसरी गोष्ट, लेखी कृती आराखडा. पीक फ्लो मीटर नावाची एक स्वस्त नळी मिळते. तीत फुंकल्यावर येणारा आपला सर्वोत्तम आकडा माहीत असावा. त्याच्या ८० टक्क्यांवर सगळे ठीक. ५० ते ८०च्या मध्ये सावध व्हायचे आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवायचे. ५०च्या खाली गेले तर रुग्णवाहिका. घरी ही पारख आई करत असे, नुसत्या आवाजावरून. परक्या शहरातल्या भाड्याच्या खोलीत ते काम या नळीला आणि भिंतीवरच्या कागदाला करावे लागते.

खोकल्याच्या औषधाबद्दलही सांगायला हवे. आपल्याकडच्या काही सिरपांत कोडीन असते. संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर अशा देशांत ते नियंत्रित औषध आहे आणि पूर्वपरवानगीशिवाय नेल्यास विमानतळावरच अडचण होते. सामानात घातलेल्या प्रत्येक बाटलीमागचे घटक वाचूनच पेटी बंद करावी.

छातीचा फोटो

परदेशी नोकरीच्या वाटेवर भारतीय माणसाच्या फुप्फुसांकडे सगळ्यात आधी पाहिले जाते ते क्षयरोगासाठी. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी ब्रिटनला जायचे तर मान्यताप्राप्त केंद्रातून छातीचा एक्स-रे काढून प्रमाणपत्र घ्यावे लागते. एक्स-रेत शंका आली तर थुंकीची तपासणी होते आणि तिचा निकाल यायला आठ आठवडे लागू शकतात. नोकरीवर रुजू व्हायची तारीख तोवर उलटून गेलेली असते.

आखाती देशांचे दार याहून अरुंद आहे. रत्नागिरी, रायगड, मुंब्रा, भिवंडी या पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे आखातात जात आली. कामगार व्हिसासाठीच्या तपासणीत छातीचा फोटो सक्तीचा, आणि जुन्या, पूर्ण बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण दिसला तरी 'अनफिट'चा शिक्का बसू शकतो. ज्याने सहा महिने न चुकता गोळ्या खाल्ल्या, ज्याच्यापासून आता कोणालाही संसर्ग नाही, त्याला आपल्या बरे होण्याचीच शिक्षा मिळते. हा नियम वैद्यकीय दृष्ट्या अन्यायाचा आहे, असे मला वाटते. तो बदलेल तेव्हा बदलेल. तोवर एजंटाला पैसे मोजण्याआधी आपल्याच डॉक्टरांकडून एक्स-रे काढून घेणे शहाणपणाचे. जुने फोटो, उपचार पूर्ण झाल्याचा दाखला, सरकारी नोंद हे सगळे जपून ठेवावे. व्रण वर्षानुवर्षे जसाच्या तसा आहे, हे दाखवायला जुन्या फोटोसारखा पुरावा नाही.

क्षय बरा झाला तरी काहींच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, कफ साठत राहतो आणि चढ चढताना दम लागतो. अशा माणसाने दमेकऱ्याइतकीच, किंबहुना जास्त तयारी करायला हवी. विमानप्रवासाचा प्रश्नही त्याच्यासाठीच मोठा. विमानातल्या हवेचा दाब साधारण आठ हजार फुटांपर्यंतच्या उंचीवरच्या दाबाइतका असतो. म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही जवळजवळ आठशे मीटर उंच बसून आठ-दहा तास काढायचे. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. पण जमिनीवरच ज्याच्या रक्तातला प्राणवायू कमी आहे, त्याने तपासणीशिवाय तिकीट काढू नये. स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर बहुतेक विमान कंपन्या नेऊ देत नाहीत. विजेरीवर चालणारे छोटे कॉन्सन्ट्रेटर यंत्र नेता येते, पण त्यासाठी विमान कंपनीची आगाऊ परवानगी आणि प्रवासाच्या वेळेच्या दीडपट पुरेल एवढी बॅटरी लागते. पंप मात्र सगळ्यांनीच हातातल्या पिशवीत ठेवावेत. मोठी बॅग चुकून दुसऱ्याच शहरी पोहोचते, हे काही दुर्मीळ नाही.

श्टुटगार्टची कहाणी

मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८पासूनची भगिनी शहरे. बॉश आणि मर्सिडीजच्या या गावाशी पुणे-चाकणचे नाते तर रोजच्या कामाचे. २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि या वाटेवरची वर्दळ आणखी वाढण्याची चिन्हे दिसू लागली. म्हणून हे शहर नीट पाहू.

श्टुटगार्ट खोलगट जागी वसले आहे. चहूबाजूंनी द्राक्षमळ्यांचे उतार आणि मधे शहर. हिवाळ्यात वारा पडला की धूर तिथेच कोंडतो. २०१६पासून काही वर्षे तिथे 'सूक्ष्म धुळीचा इशारा' दिला जात असे आणि २०१९पासून जुन्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी झाली. त्यानंतर हवा सुधारली. पुण्याहून जाणाऱ्याला ती मोकळीच वाटते. पण जानेवारीतली उणे तापमानाची कोरडी हवा श्वासनलिका आवळते, आणि एप्रिलमध्ये बर्च झाडांचे पिवळट पराग गाड्यांच्या काचांवर थर धरतात. बाहेर पडताना मफलर नाकातोंडावर घेणे आणि परागांचे रोजचे अंदाज पाहणे, या दोन सवयी पहिल्याच वर्षी लावून घ्याव्यात.

विम्याचे गणित त्याहून महत्त्वाचे. जर्मनीत नोकरी लागताच माणूस वैधानिक आरोग्य विम्यात येतो. त्याचा हप्ता पगाराच्या टक्केवारीने ठरतो, निम्म्याच्या आसपास मालक भरतो आणि आजाराबद्दल एकही प्रश्न विचारला जात नाही. जुना दमा पहिल्या दिवसापासून विम्यात. ठरावीक मर्यादेहून जास्त पगार असलेल्याला (२०२५मध्ये ती वर्षाला ७३,८०० युरो होती) खासगी विमा घेण्याची मुभा असते. तरुण इंजिनिअरला तो स्वस्त पडतो आणि मित्रही तोच सुचवतात. खासगी विमा मात्र आजारांची चौकशी करतो, दम्यासाठी हप्ता वाढवतो किंवा नाकारतो. दमा लपवला आणि पुढे उघडकीस आला तर करारच रद्द होऊ शकतो. शिवाय तिथून परत वैधानिक विम्यात येणे सोपे नाही. जुनाट आजार असलेल्याने हा मोह टाळावा. व्हिसासाठी काढलेला प्रवासी विमा आधीपासूनच्या आजाराला सहसा धरत नाही, हेही ध्यानात असू द्यावे; विमान उतरल्यापासून नोकरी सुरू होईपर्यंतचे दिवस तिथेच उघडे पडतात.

सालब्युटामॉलही तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आधी घराजवळचा सर्वसाधारण डॉक्टर गाठायचा, त्याच्याकडून चिठ्ठी आणि गरज असेल तर फुप्फुसतज्ज्ञाकडे पाठवणी. तज्ज्ञाची वेळ मिळायला आठवडे, कधी महिनेही जातात. चाकणहून गेलेल्या एका तरुणाने पहिल्या हिवाळ्यात पंप संपत आल्यावर पुण्याला आईला फोन केला. तिने तातडीने चार पंपांचे पार्सल पाठवले. ते जर्मन कस्टम्समध्ये अडकले, कारण युरोपीय संघाबाहेरून टपालाने औषधे मागवायला तिथे खासगी व्यक्तीला परवानगी नाही. स्वतःबरोबर मात्र तीन महिन्यांपुरते औषध नेता येते. ते तीन महिने म्हणजे डॉक्टर शोधण्याची मुदत. ती मोजायला पहिल्या आठवड्यापासूनच सुरुवात करावी. एकदा घडी बसली की ही व्यवस्था चोख चालते. औषधामागे पाच ते दहा युरो द्यावे लागतात, आणि दमेकऱ्यांसाठी नियमित तपासणीचा व प्रशिक्षणाचा खास कार्यक्रमही असतो. रात्री-अपरात्री दवाखान्याचा सल्ला हवा तर ११६११७, जीवावर बेतले तर ११२. आणि जर्मनचा पहिला धडा गिरवताना एक वाक्य जिभेवर बसवावे : 'इश बेकोमे काइने लुफ्ट', म्हणजे मला श्वास घेता येत नाही.

आजारपणाची रजा घेताना मालकाला मिळणाऱ्या दाखल्यावर तिथे निदान लिहिलेले नसते. आपल्याकडून गेलेल्या मुलांना हे सांगितले तरी पटत नाही. नोकरी जाईल या भीतीने ती शौचालयात जाऊन पंप घेतात.

ब्रिटनची रीत निराळी. व्हिसासोबत वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरला (आरोग्यसेवेच्या व्हिसावर जाणाऱ्या नर्सेसना तो माफ आहे) की एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेचे दार उघडते. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड पडतात आणि दमा हा सवलतीच्या यादीत नाही. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तेच औषध मोफत. जर्मनी असो की ब्रिटन, घर घेताना किंवा भाड्याने पाहताना भिंती तपासाव्यात. रॉचडेल इथे २०२०मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे श्वसनाचा आजार होऊन गेला. त्याच्या नावाने इंग्लंडमध्ये कायदा झाला. बंद खिडक्यांआड वाळत घातलेले कपडे, रोजचा कुकर, फोडणीची वाफ आणि चार जणांची एक खोली, हे सगळे बुरशीला पोसते. कपाटामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले की घरमालकाला लेखी कळवावे आणि थंडी असली तरी सकाळी पाच-दहा मिनिटे खिडक्या पूर्ण उघडाव्यात.

काम कोणते, हेही पाहा

बेकरीतले पीठ, गाड्यांच्या रंगकामातले आयसोसायनेट, रुग्णालयातली जंतुनाशके, वेल्डिंगचा धूर या सगळ्यांनी दमा होऊ शकतो आणि असलेला बळावतो. स्वयंपाकघराचे ओटे ज्या कृत्रिम दगडाचे बनवतात, तो कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसे कायमची निकामी करते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून त्या दगडावर बंदीच घातली. करारावर सही करताना पगाराच्या आकड्याखाली कामाचे स्वरूपही वाचावे. श्वासात काय जाणार, हे विचारण्यात कमीपणा नाही. दमा असलेला माणूस जगात कुठेही उत्तम काम करू शकतो. त्याने फक्त आपल्या छातीला न झेपणाऱ्या कामापासून दूर राहावे.

लपवू नका

मेलबर्नच्या त्या रात्रीनंतर व्हिक्टोरिया राज्याने दरवर्षी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात वादळी दम्याचे अंदाज जाहीर करायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात सालब्युटामॉल फार्मासिस्टकडून चिठ्ठीशिवाय मिळते. पण अंदाज कुठे पाहायचा हे ज्याला कोणी सांगितलेच नाही, त्याला या सगळ्याचा उपयोग काय?

हे सांगण्याचे काम आपल्याकडेच व्हायला हवे. परदेशी पाठवण्यासाठी भाषेचे वर्ग भरवणाऱ्या संस्थांनी आणि सरकारने त्या वर्गांतला एक दिवस आरोग्यासाठी द्यावा : त्या देशातला विमा, डॉक्टरकडे जायची पद्धत, तातडीचे क्रमांक, नेता येणारी औषधे. छातीच्या डॉक्टरांनी परदेशी जाणाऱ्या रुग्णाला निदानाचे स्वच्छ पत्र मागण्याआधीच द्यावे. मराठी मंडळांनी नव्याने आलेल्याला मसाल्याच्या दुकानाबरोबर एखाद्या चांगल्या दवाखान्याचा पत्ताही द्यावा. आणि जाणाऱ्याने खोलीतल्या सोबत्याला, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगावे, की मला दमा आहे, पंप या कप्प्यात असतो आणि मला बोलताही येईनासे झाले तर या क्रमांकावर फोन कर. रात्री दोन वाजता मदतीला कोणी धावेल, ते त्याला आपल्या आजाराची माहिती असेल तरच.